आईबाबांना घेऊन बार्बाडोसला जाताय? कशाला घाबरायचं आणि कशाला जपायचं

ताई, तुमचा प्रश्न वाचला. भाऊ ब्रिजटाऊनला मेडिकलला आहे, ऑगस्टमध्ये तुम्ही आईबाबांना घेऊन पंधरा दिवस त्याच्याकडे जाताय, मधे चार दिवस ट्रिनिदाद, बाबा ६८ चे, डायबेटिस आणि बीपी, इन्सुलिन चालू, आई ६२ ची आणि पक्की शाकाहारी. आणि तुमची भीती कसली तर मलेरिया, शार्क आणि लुटालूट. मी नऊ वर्षं क्रूझवर डॉक्टर होतो, हिवाळ्याच्या सीझनला दर आठवड्याला जहाज ब्रिजटाऊनला लागायचं, आता चिपळूणला प्रॅक्टिस करतो. त्या नऊ वर्षांत बार्बाडोसहून परत आलेला मलेरियाचा किंवा शार्कचा एकही पेशंट माझ्याकडे आला नाही (मलेरिया त्या बेटावर नाहीच, गोळ्या घ्यायची गरज नाही). आले ते सगळे उन्हाने भाजलेले, समुद्रात गटांगळ्या खाल्लेले, झाडाखाली उभं राहून अंगावर फोड आलेले आणि स्वतःच्या गोळ्या घरी विसरलेले. तेव्हा तेच सांगतो, पण आधी ट्रिनिदादचं, कारण तिथे तुमचा खरा घोटाळा होणार आहे.

ट्रिनिदाद हा यलो फीवरचा, म्हणजे पीतज्वराचा देश धरला जातो, बार्बाडोस नाही. आपल्याकडे हा आजार नाही पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे, म्हणून भारत सरकार याबाबतीत फार कडक आहे. ट्रिनिदादला जाऊन भारतात परत येताना पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड लागतं, लस घेऊन दहा दिवस झालेले लागतात, आणि कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट क्वारंटाईन, सहा दिवसांपर्यंत. तिकडे जाताना कोणी अडवत नाही हो, अडकतो माणूस मुंबईत उतरल्यावर, घर दोन तासांवर असताना. तुमच्यासाठी सोपं आहे, सरकारमान्य केंद्रात जा, लस टोचून घ्या, एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं. अडचण आईबाबांची आहे. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदाच घेतली तर गंभीर साईड इफेक्टचा धोका वाढतो, दोघंही साठीच्या पुढचे. डॉक्टरांनी लस नको असं लिहून दिलं तरी परतल्यावर क्वारंटाईनचा प्रश्न उभा राहू शकतोच. माझं स्पष्ट मत, चार दिवसांच्या ट्रिनिदादसाठी हा उपद्व्याप करू नका, आईबाबांना बार्बाडोसलाच भावाकडे राहू दे, तुम्हाला जायचंच असेल तर तुम्ही लस घेऊन जाऊन या. बाकी लशी म्हणाल तर धनुर्वात शेवटचा कधी घेतला ते बघा, टायफॉईड आणि बाबांच्या वयाला फ्लू, न्यूमोनियाची लस राहिली असेल तर ती, बस.

आता ऊन. बार्बाडोस साधारण १३ अक्षांशावर आहे म्हणजे चेन्नई-बंगळुरूच्या रांगेत, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो पण समुद्रावरून अखंड वारा येतो त्यामुळे घाम जाणवत नाही आणि माणूस फसतो. आपल्या लोकांची एक समजूत, गोऱ्यांची कातडी भाजते, आपण सावळे, आपल्याला काय होतंय. होतं. पुण्याच्या एका काकांनी माझ्या डोळ्यांदेखत साडेतीन तास पोट पाण्यात ठेवून पाठीवर ऊन घेतलं, कासवं बघत होते म्हणे, रात्री त्यांना शर्ट घालता येईना आणि दुसऱ्या दिवशी ताप, मळमळ. स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघणं) करताना पाठ आणि पोटऱ्या याच भाजतात, म्हणून क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून पाण्यात उतरणं बरं. अकरा ते तीन सावलीत.

बाबांचं ऊन वेगळं आहे आणि हे जरा नीट वाचा. बाबांच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं काही आहे का बघा, आजकाल बऱ्याच जणांना असतं, ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर काढते आणि सोबत पाणीही. त्यात बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, त्यात ऊन, त्यात एखाद्या दिवशी जुलाब-उलट्या, की माणूस कोरडा पडतो, चक्कर येऊन पडतो, किडनीवर ताण येतो. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा प्रकार या गोळीने होऊ शकतो. म्हणून निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या की उलट्या-जुलाब लागले, खाणं बंद झालं तर कुठली गोळी थांबवायची आणि कुठली नाही. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करायचं नसतं. ओआरएसची वीस पाकिटं इथूनच न्या, पैशाला पासरी मिळतात.

आणि पाय. तिथली वाळू पांढरी स्वच्छ दिसते पण दुपारी बाराला तव्यासारखी तापते. जुन्या डायबेटिसवाल्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असते, त्यांना चटका कळतच नाही. एक बाई जहाजावर परत आल्या, चालत, हसत, चप्पल हातात, आणि मागे डेकवर ओल्या पावलांचे ठसे. मला वाटलं पाणी आहे. तळव्यांचे फोड फुटलेले होते, दोन्ही पायांना, आणि त्यांना पत्ता नव्हता. बाबांना पाण्यातसुद्धा अनवाणी पाठवू नका, रबरी सोलचे पाण्यातले बूट मिळतात ते इथूनच मापाचे घ्या, रोज रात्री तळवे आरशात बघायचे, आणि प्रवाळावर किंवा दगडावर साधं खरचटलं तरी गोड्या पाण्याने धुवून झाकायचं. समुद्री साळू (काळ्या काट्यांचा गोळा) खडकांच्या फटीत बसलेला असतो, काटा घुसला तर सोसवेल इतक्या कोमट-गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि काटा कोरत बसायचं नाही.

झाडाचं सांगतो कारण हे कोणीच सांगत नाही. किनाऱ्यालगत मँचिनील नावाचं झाड असतं, छान सावलीचं, खाली हिरवट-पिवळी लहान सफरचंदासारखी फळं पडलेली, गोड वास येतो. त्याचा चीक म्हणजे आपल्याकडे बिब्बा उततो ना, तसाच प्रकार पण त्याहून वाईट. पानं हाताळू नका, फळ तर दातालाही लावू नका, घसा आतून सुजतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाऊस आला की त्याखाली उभं राहायचं नाही कारण पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यात तो चीक उतरतो. ऑगस्टमध्ये सर येते आणि जाते, लोक सहज झाडाखाली पळतात. दोन पोरांना त्यांचे आईवडील घेऊन आले होते, खांद्यांवर आणि मानेवर लाल पट्टे, तासाभरात फोड. झाडाच्या बुंध्याला लाल रंगाचा पट्टा मारलेला असतो, इथे धोका आहे म्हणून, पण तो त्या झाडाला समुद्राच्या बाजूने होता आणि हे लोक रस्त्याच्या बाजूने आले. म्हणून पट्टा शोधत बसू नका, किनाऱ्यावर अनोळखी झाडाखाली पावसात उभंच राहू नका, भिजा. चीक लागलाच तर साबण आणि भरपूर पाणी, कपडे बदला, डोळ्यात गेला तर पंधरावीस मिनिटं पाणी मारत राहा आणि तसंच दवाखान्यात. भाऊ तिथे राहतोय, त्याला विचारा, त्याला झाड ओळखता येत असेल.

समुद्राचं बार्बाडोसमध्ये एक सोपं गणित आहे. पश्चिम किनारा, म्हणजे होलटाऊन, पेन्स बे, मलिन्स हा भाग, तिथे कॅरिबियन समुद्र शांत, कोमट, आईसुद्धा गुडघाभर पाण्यात बसेल. ब्रिजटाऊनला लागून कार्लाइल बे आहे तीही तशीच, कासवं आणि बुडालेल्या बोटी बघायला लोक तिकडे जातात. दक्षिण किनाऱ्यावर लाटा जरा जास्त, पण अॅक्रासारख्या बीचवर लाईफगार्ड असतात. आणि पूर्व किनारा, बाथशेबा वगैरे, हा उघडा अटलांटिक आहे, फोटोत फार देखणा, मोठे मोठे खडक पाण्यात उभे, सर्फिंगवाले जगभरातून येतात, पण पोहायला अजिबात नाही. गणपतीपुळ्याचा समुद्र ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल, वरून गुडघाभर पाणी आणि खालून पाय ओढून नेणारा प्रवाह. बाथशेबाला खडकांमध्ये साचलेली डबकी आहेत, भरती नसताना त्यात बसा, मजा येते, त्याच्या पुढे एक पाऊल नको. प्रवाहात कोणी सापडलंच तर किनाऱ्याकडे उलटं पोहत दम घालवायचा नाही, किनाऱ्याला समांतर पोहायचं, ओढ संपली की मग आत यायचं, आणि काठावरच्याने वाचवायला उडी टाकायची नाही, काहीतरी तरंगणारं फेकायचं. एकाला वाचवायला गेलेला दुसरा बुडतो, हे कोकणात दर मे महिन्यात पेपरला येतं.

पहिल्यांदाच स्नॉर्कलिंग करणाऱ्या साठीच्या माणसांबद्दल मला जास्त धास्ती असते. बुडणारा माणूस सिनेमासारखा हात हलवून ओरडत नाही हो, गपचूप तोंड पाण्यात घालून पडलेला असतो आणि बाजूच्यांना वाटतं मासे बघतोय. बाबांना हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि उतरलेच तर जोडीला तुम्ही, लाईफ जॅकेट घालून, पाय टेकतील इतक्याच पाण्यात, आणि रम पंच नंतर, आधी नाही. बीचवर जेट स्की घ्या जेट स्की घ्या म्हणून पोरं मागे लागतात, गोड बोलतात, नाही म्हणा, बऱ्याच विमा पॉलिसीत ते बसतच नाही आणि पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून जाणाऱ्या जेट स्कीच्या जखमा मी शिवल्यात. भाऊ स्कुबा डायव्हिंग करणार असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास, शक्यतो २४, विमानात बसायचं नाही.

सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ २०११ पासून या भागात ढिगाने वाहून येतं, पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर जास्त. ताजं असताना नुसता पसारा, पण कुजायला लागलं की सडक्या अंड्याचा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाईड. घरात कोणाला दमा असेल तर राहायची जागा तशा किनाऱ्यापासून लांब घ्या आणि पंप सोबत ठेवा.

डास. मलेरिया नसला तरी डेंग्यू आहे, पूर्वी चिकुनगुनिया आणि झिकाच्या साथीही येऊन गेल्यात, आणि हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी उन्हं उतरताना जास्त, मच्छरदाणीचा फार उपयोग नाही. आपल्याकडच्यांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. इंग्लंडहून येणाऱ्याला डेंग्यू बहुधा पहिल्यांदा होतो, पण आपल्यापैकी कितीतरी जणांना पुण्या-मुंबईत एकदा होऊन गेलेला असतो, कधी कधी कळलेलाही नसतो, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारच्या डेंग्यूने तो जास्त गंभीर होऊ शकतो. तेव्हा झालाय एकदा, आता काय, असं म्हणू नका. पूर्ण बाह्या, डीट असलेलं डासांचं मलम, आधी सनस्क्रीन आणि ते वाळल्यावर वर हे, उलटं नाही. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, ब्रुफेन-कॉम्बिफ्लाम-अॅस्पिरिन नाही. बाबांना हृदयासाठी रोजची अॅस्पिरिन चालू असेल तर ती चालू ठेवायची की थांबवायची हे तिथल्या डॉक्टरांना विचारा, स्वतः ठरवू नका. ताप उतरताना पोटात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर तीच धोक्याची वेळ, बरं वाटतंय म्हणून घरी बसायचं नाही. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर इथल्या डॉक्टरला कुठे गेला होतात ते सांगा.

बाकी जीवजंतूंची भीती काढून टाका. बार्बाडोसमध्ये विषारी साप नाही, उलट जगातल्या सगळ्यात लहान सापांपैकी एक, शेवयाएवढा, जेमतेम दहा सेंटीमीटरचा, तो तिथला. मोठी गोम असते, तिला तिथले लोक फॉर्टी-लेग म्हणतात, चावली तर दुखतं खूप, चप्पल झटकून घाला एवढंच. मोठ्या आफ्रिकन गोगलगायी बागेत दिसतील, हात लावू नका, आणि कच्च्या पालेभाज्या नीट धुवा. माकडं हिरवट रंगाची, गोंडस, त्यांना खायला देऊ नका.

आता वादळ. ऑगस्ट म्हणजे हरिकेन सीझनचा ऐन भाग, सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर. २०२४ ची वर्ल्ड कप फायनल आठवा, २९ जूनला आपण केन्सिंग्टन ओव्हलवर जिंकलो आणि मग टीम तिथेच अडकली, बेरिल वादळामुळे विमानतळ बंद, ३ जुलैला खास विमान निघालं तेव्हा सुटले. बेरिल बार्बाडोसच्या दक्षिणेकडून गेलं, खरा फटका बसला ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटाला, तरी ब्रिजटाऊनच्या मच्छीमार होड्यांचा चुराडा झालाच. बार्बाडोस अगदी पूर्वेला एका बाजूला आहे म्हणून थेट तडाखा कमी बसतो, १९५५ च्या जॅनेटनंतर एकदम २०२१ ला एल्सा. पण अडकण्यासाठी थेट तडाखा लागत नाही, विमानतळ बंद झाला की पुरे. ज्यांनी २०२० च्या निसर्गनंतर श्रीवर्धन-दिवेआगर बघितलंय त्यांना वीज जाणं म्हणजे काय ते माहितीय. मग तुमची तयारी एकच, बाबांची औषधं पंधरा दिवसांची नाही, पंचवीस दिवसांची न्या. दोन भाग करा, दोन्ही हातातल्या बॅगांमध्ये, चेक-इनमध्ये एकही गोळी नाही. थोडे रोख पैसे (दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हिशेब सोपा, अमेरिकन डॉलरही चालतात), टॉर्च, पॉवर बँक. वॉच आला म्हणजे वादळ येण्याची शक्यता, वॉर्निंग म्हणजे येतंच आहे, वॉर्निंगला समुद्राकडे फोटो काढायला जायचं नाही. आणि विमा आत्ताच काढा, वादळाला नाव पडल्यावर काढलेल्या विम्यात ते वादळ धरत नाहीत.

विम्याचं अजून एक. फॉर्मवर बाबांचा डायबेटिस आणि बीपी लिहा, एजंट नको म्हणाला तरी लिहा. एका पेशंटच्या मुलाने हप्ता कमी यावा म्हणून लपवलं होतं, छातीत दुखल्यावर खाजगी दवाखान्याने आधी क्रेडिट कार्ड मागितलं आणि पुढे विमा कंपनीने हात वर केले, तो मुलगा रात्रभर कॉरिडॉरमध्ये घरच्यांना फोन लावत होता. ब्रिजटाऊनला क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल हे मोठं सरकारी, इमर्जन्सी तिथे बघतात पण किरकोळ आजाराला तासन् तास थांबावं लागू शकतं. काही गोष्टींसाठी पेशंटला बेटाबाहेर विमानाने हलवावं लागतं आणि तो खर्च ऐकून झीट येते, पॉलिसीत मेडिकल इव्हॅक्युएशन आहे ना तेवढं बघा. अॅम्ब्युलन्स ५११, पोलीस २११, फायर ३११, आईच्या फोनमध्येसुद्धा टाकून ठेवा.

लुटालूट म्हणाल तर तुम्ही मुंबईत राहता त्यांनी जेवढी अक्कल वापरायची तेवढीच. रात्री बीचवर चालायला नको, बॅग वाळूत ठेवून पाण्यात नको, आईचं मंगळसूत्र आणि पाटल्या इथे लॉकरमध्ये. अनोळखी माणसाची बॅग घ्यायची नाही, गांजाच्या वाटेला जायचं नाही. आणि लष्करी छापाचे कपडे, ते हिरवे-तपकिरी डागाळलेले, तिथे सामान्य माणसाने घालणं कायद्याने बंद आहे, लहान मुलांनासुद्धा, तुमच्या कोणाची तशी कार्गो पॅन्ट किंवा टोपी असेल तर घरी ठेवा. गाडी चालवणार असाल तर आपल्यासारखंच डावीकडून, पण रस्ते उसाच्या शेतांतून जाणारे अरुंद, कडेला पाय ठेवायला जागा नाही, रात्री नका चालवू. झेडआर नावाच्या व्हॅन असतात, आपल्या वडापचीच बहीण, गाणी लावून सुसाट, आईला त्यात बसवू नका, निळ्या सरकारी बसने फिरा.

पाणी नळाचं पिता येतं, चुनखडीतून गाळून आलेलं जमिनीखालचं पाणी आहे, उत्तरेकडच्या काही भागात कधी कधी तपकिरी येतं तेवढं सोडून. ज्यांना मासे चालतात त्यांनी उडणारा मासा, माही-माही खुशाल खावा (मेन्यूत डॉल्फिन लिहिलेलं असतं ते माही-माहीच, घाबरू नका), पण बॅराकुडासारखे प्रवाळातले मोठे शिकारी मासे टाळावेत, त्यांच्यात सिग्वाटेरा नावाचं विष असू शकतं जे शिजवूनही जात नाही, त्यात गार वस्तू हाताला भाजल्यासारखी लागते. आईचं पोट भरेल, काळजी नको. रोटीची दुकानं आहेत, चणा-बटाटा भरलेली मागा, आणि ब्रेडफ्रूट म्हणजे आपला विलायती फणसच, त्याचे काप तव्यावर करून घ्या. गोल्डन अॅपल नावाचं आंबट फळ मिळेल, अंबाड्याच्या भावकीतलं, आईला दाखवा, ती लोणचं घालायला सांगेल. मिठाचं फक्त बघा, तिथल्या मसाल्यांमध्ये आणि सॉसमध्ये मीठ फार असतं, बाबांचं बीपी.

इन्सुलिन शेवटी, कारण ते मी इथे बसून ठरवू शकत नाही. बार्बाडोस आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे, म्हणजे जाताना बाबांचा दिवस तेवढा लांबतो आणि येताना तेवढाच आखूड होतो. कुठलं इन्सुलिन, किती युनिट, दिवसातून किती वेळा आणि विमानाच्या वेळा हे सगळं एका कागदावर लिहून त्यांच्या डॉक्टरांकडे निघण्याच्या दोन आठवडे आधी घेऊन जा, जाताना आणि येताना असे दोन वेगळे तक्ते करून मागा, बाबा विमानात बसल्यावर घड्याळ लगेच बदलतात अशी सवय असेल तर ते बदलू देऊ नका, उतरेपर्यंत हातावर भारतातलीच वेळ ठेवा. वापरातलं पेन २५-३० अंशांखाली साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालतं, गाडीच्या डिकीत आणि बीचच्या बॅगेत मात्र नाही. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या जास्तीच्या न्या, आणि खिशात कायम चारपाच लिमलेटच्या गोळ्या.

बाबांच्या औषधांची यादी बघून काही अडलं तर गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो टाका, नाव वाचता येईल असा.